दक्षिण मेक्सिको आई-बाबांसोबत: बस की कोलेक्तिवो?

रानफूल

नमस्कार मंडळी. नोकरीच्या निमित्ताने दीड वर्ष मध्य मेक्सिकोतल्या केरेतारोला आहे. डिसेंबरात आई-बाबा (वय ६२ आणि ६७) येताहेत. दोघांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा काढायला लागणार नाही.

दक्षिणेकडे जायचं मनात आहे: वाहाका (स्पेलिंग बघून ओक्साका म्हणू नका, इथल्या कुणाला कळत नाही), तिथून समुद्र, मग चियापासमधलं सान क्रिस्तोबाल, पालेंके आणि शेवटी युकातानमधलं मेरिदा. हातात सोळा दिवस. तिघांची विमानं खिशाला जड जाताहेत, आणि सान क्रिस्तोबाल-पालेंकेसारख्या टप्प्यांना रस्त्यानेच जायला लागणार.

अडचण अशी की आईला गाडी लागते. आंबा घाटात ती लिंबू नाकाशी धरूनच बसते. आणि बाबा एकतीस वर्षं एसटीत वाहक होते. त्यांनी फोनवरच जाहीर केलंय की तिथली माणसं जशी जातात तसंच आपण जायचं. इथे सगळीकडे कोलेक्तिवो नावाच्या व्हॅन चालतात, भरली की सुटते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे वडाप!" आणि गप्प झाले. आयुष्यभर स्टँडबाहेरच्या वडापवाल्यांशी भांडलेला माणूस आहे.

कुठल्या टप्प्याला बस आणि कुठल्या टप्प्याला व्हॅन? कुणी ज्येष्ठांना घेऊन केलंय का?

डोंगरवेडा

वडापच! बाबांचं मतपरिवर्तन करून पाठवा.

सांजवात

वाहाकात नऊ महिने राहिले होते, विणकाम शिकत होते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या बाबांचा वडाप म्हणजे तिकडे तीन-चार वेगळ्या गोष्टी आहेत. गावाला लागून असलेल्या खेड्यांत जायला तांबड्या-पांढऱ्या शेअर टॅक्सी असतात. पुढच्या एका सीटवर दोघं, मागे तिघं. मितला, त्लाकोलुला, तेओतित्लान, सगळीकडे याच. मोठ्या अंतराला तेरा-चौदा सीटची व्हॅन. तिला वाहाकात 'सुबुर्बान' म्हणतात, चियापासमध्ये 'कोंबी', युकातानकडे नुसतं 'कोलेक्तिवो'. आणि किनाऱ्यावर पोचुत्लापासून मासुंते, सिपोलितेला जायला ताडपत्री टाकलेले पिकअप. मागे दोन लाकडी बाकडी, मध्ये लोकांच्या पिशव्या, गॅसच्या टाक्या, कधी कोंबडी. त्याला 'कामियोनेता' म्हणतात. आईंना त्यात अजिबात लागणार नाही, तोंडावर सतत वारं असतं.

आता मुख्य घाट. वाहाकाहून समुद्राकडे जाणारा जुना रस्ता सान होसे देल पासिफिकोवरून आहे. अडीच हजार मीटरपर्यंत चढायचं आणि तिथून थेट समुद्रसपाटीला उतरायचं. सहा-सात तास वळणंच वळणं. व्हॅनमध्ये सीटच्या पाठीला प्लास्टिकच्या पिशव्या अडकवून ठेवलेल्या असतात, त्यावरून काय ते समजा. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये बार्रांका लार्गा ते व्हेंतानिया हा १०४ किलोमीटरचा नवा रस्ता सुरू झाला. आता किनाऱ्यावरच्या प्वेर्तो एस्कोंदिदोला साधारण तीन तासांत पोचता येतं. तिकीट काढताना एकच प्रश्न विचारा: "पोर ला नुएव्हा?" म्हणजे नव्या रस्त्याने ना? काही व्हॅन अजूनही जुन्या रस्त्याने जातात, कारण त्यांची गिऱ्हाइकं मधल्या गावांतली आहेत. नव्या रस्त्यावर पावसाळ्यात दरडी येतात, डिसेंबरात तो प्रश्न नाही.

किल्लेदार

सांजवात यांचा प्रतिसाद उत्तम, पण मी थोडा विरोधात जाणार. पासष्टीच्या पुढची माणसं सोबत असतील तर लांबच्या टप्प्याला पहिल्या वर्गाची बसच घ्या. आदेओ आणि त्यांच्याच ओसेसेच्या गाड्या. आमच्याकडच्या कुठल्याही शिवनेरीला हेवा वाटेल अशा. सीट मागे जाते, मागे शौचालय असतं, सामानाला पावती मिळते. ती पावती दाखवल्याशिवाय बॅग हातात देत नाहीत. हा भाग मला फार आवडला.

वाहाका किंवा प्वेर्तो एस्कोंदिदोहून सान क्रिस्तोबाल हा पल्ला रात्रीच्या बसने करा, दहा-बारा तास आरामात लागतात. व्हॅनमध्ये हे अंतर म्हणजे गुडघ्यांचा छळ. काही स्थानकांत निघण्याआधी एक माणूस कॅमेरा घेऊन चढतो आणि प्रत्येक प्रवाशाचा चेहरा टिपतो. घाबरू नका, सुरक्षेसाठी आहे.

आणि शाल. शाल विसरू नका. बाहेर तीस अंश असलं तरी आत एसी असा सोडतात की माझ्या सासूबाईंनी पायात दोन दोन मोजे चढवले होते.

मोगरा

किल्लेदार, शालीबद्दल अगदी +१. मी कानटोपी घालून बसले होते, शेजारच्या आजींनी हसून त्यांचं पांघरूण अर्धं माझ्यावर टाकलं.

डोंगरवेडा

शिवनेरीला हेवा? स्वारगेटवर येऊन म्हणून दाखवा :)

उनाडवारा

त्या रात्रीच्या बसबद्दल एक गोष्ट. तेवांतेपेकच्या संयोगभूमीवर हुचितानजवळ ला व्हेंतोसा नावाचा भाग आहे. नावातच वारा आहे. हिवाळ्यात तिथे असा वारा सुटतो की रिकामे ट्रक आडवे होतात. आमची बस तिथे रात्री दोनला हळूहळू चालली होती आणि कुणीतरी बाजूने धक्के देतंय असं वाटत होतं. सकाळी खिडकीतून बघितलं तर नजर जाईल तिथे पवनचक्क्या. उशीर झाला तर चालकावर चिडू नका, वाऱ्यामुळे वाहतूक थांबवतात.

अंजनवेल

आईंना गाडी लागते त्यावर: आवळासुपारी, आल्याची वडी, आणि निघायच्या अर्ध्या तासाआधी गोळी. ड्रामामिन तिथल्या प्रत्येक औषधदुकानात मिळते. पण सगळ्यात मोठा उपाय म्हणजे जागा. व्हॅनमध्ये चालकाशेजारची सीट मिळवायची. त्यासाठी वीस मिनिटं आधी जा आणि पुढची गाडी भरत आली असेल तर ती सोडून त्याच्या मागच्या गाडीत पहिला नंबर लावा. सगळ्यात मागची रांग चुकूनही घेऊ नका. तिकडे गतिरोधकांना 'तोपे' म्हणतात आणि चियापासमध्ये प्रत्येक वस्तीला दोन-चार असतात. मागच्या रांगेत माणूस प्रत्येक तोपेला छताला भेटून येतो.

कासवचाल

मूळ प्रश्नात सान क्रिस्तोबाल-पालेंके आहे, त्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण खरा प्रश्न तोच आहे.

नकाशावर अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आत दिसतं. सरळ रस्ता ओकोसिंगोवरून, पाच-सहा तास. याच रस्त्यावर आग्वा आसुलचे निळे धबधबे. पण पहिल्या वर्गाची बस हा रस्ता टाळून खाली तुक्स्ला (चियापासची राजधानी), तिथून विआएर्मोसा अशी वळसा घालून पालेंकेला जाते, आठ-नऊ तासांत. कारण 'ब्लोकेओ'. गावकरी रस्ता अडवतात. कधी पाण्याची योजना रखडली म्हणून, कधी जमिनीचा वाद, कधी सरकारने शब्द पाळला नाही म्हणून. १९९४ च्या १ जानेवारीला झापातिस्त बंडखोरांनी ओकोसिंगो आणि सान क्रिस्तोबाल ताब्यात घेतलं होतं, ती सगळी दुखणी जमिनीचीच होती आणि अजून पुरती भरलेली नाहीत.

आम्ही कोंबीने गेलो. ओकोसिंगोच्या पुढे रस्त्यावर झाड आडवं टाकलेलं, पलीकडे शंभरेक माणसं. चालकाने इंजिन बंद केलं, खाली उतरून बोलून आला आणि म्हणाला, पैसे अर्धे परत देतो, चालत पलीकडे जा, तिकडून येणारी कोंबी तिथे अडकलीय, ती तुम्हाला घेईल. त्याने पलीकडच्या चालकाला फोनही केला. आम्ही बॅगा डोक्यावर घेऊन दीड किलोमीटर चाललो. अडवणारी माणसं शांत होती, एका बाईने मुलीला पाणी दिलं. पलीकडच्या कोंबीत बसलो, आमच्या कोंबीत पलीकडची माणसं बसली आणि दोन्ही गाड्या आल्या वाटेने परत फिरल्या. मला त्या व्यवस्थेचं आजही कौतुक वाटतं. पण सदुसष्ट वर्षांच्या माणसाने बॅग घेऊन उन्हात दीड किलोमीटर चालावं का, हे तुम्ही ठरवा.

बंडखोर_बाण

मग चियापास गाळाच की. टोळ्यांच्या बातम्या येतात. आई-बाबांना घेऊन असले धाडस कशाला?

कासवचाल

बंडखोर, रस्ता अडवणारे गावकरी आणि टोळ्या ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. टोळ्यांची भांडणं २०२३ मध्ये ग्वातेमालाच्या सीमेलगत, फ्रोंतेरा कोमालापाकडे पेटली. तिकडे आई-बाबांना घेऊन मीही जाणार नाही. सान क्रिस्तोबाल शहर, तुक्स्ला, चियापा दे कोर्सो इथे दिवसा कोंबीने फिरणं हे रोज हजारो बायका-मुलं करतात. एका राज्याचं नाव घेऊन सगळ्यावर काट मारणं त्या लोकांवर अन्याय आहे.

मोगरा

एकटी फिरलेय म्हणून भर घालते. माझे नियम तीन: व्हॅन फक्त उजेडात, शेवटच्या गाडीवर कधीही विसंबायचं नाही, आणि पैसे सुटे. पाचशेची नोट दाखवली की चालकाचा चेहरा पडतो. दहाची नाणी साठवून ठेवायची. चढताना सगळ्यांना 'ब्वेनोस दियास' म्हणायचं, सगळी गाडी उत्तर देते. माझ्या शेजारी जवळजवळ नेहमी एखादी आजीच बसवली गेली. चालक न सांगता तशी जागा बदलून द्यायचे.

आणि पासपोर्ट मूळचा जवळ ठेवा. चियापासमध्ये स्थलांतर खात्याच्या चौक्या आहेत, बस थांबवून कागद बघतात. झेरॉक्सवर एका मुलाला खाली उतरवलेलं मी पाहिलं.

अंजनवेल

जेवणाचं कुणी बोलेना! रानफूल, आई शाकाहारी असतील तर 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही. त्यांच्या लेखी कोंबडी 'कार्ने' नाही, आणि तव्याला डुकराची चरबी लावतात. 'सिन मांतेका' म्हणायचं. वाहाकात त्लायुदा म्हणजे ताटाएवढी कुरकुरीत रोटी, तिच्यावर चरबीचा थर देतात, त्याला 'असिएंतो'. तो नको म्हटलं की राजमा, केसियो चीज, कोबी, अवाकादो. पोट भरतं.

डोंगरवेडा

आणि बस थांबली की खिडकीशी येणारी चिंचेची तिखट गोळी! चिंच आणि मनिला आंबा दोन्ही तिकडचे नव्हेत, पण आता त्यांच्यावाचून पान हलत नाही. कैरीवर तिखट-मीठ घालून विकणारी बाई दिसली आणि मला शाळेच्या फाटकाबाहेर उभा असल्यासारखं वाटलं.

सांजवात

मनिला आंबा जहाजाने आकापुल्कोला उतरला, फिलिपाइन्सहून. पण धागा भरकटतोय, रानफूल बिचारी वाट बघतेय.

रानफूल

भरकटू दे, सगळं वाचतेय. बाबांना पण वाचून दाखवलं. कासवचाल यांचा कोंबी बदलण्याचा किस्सा त्यांना फार भावला. म्हणाले, "ब्रेकडाउनला आम्ही पण असंच करायचो."

दोन शंका. बाबांना ज्येष्ठ नागरिक सवलत मिळेल का? (घरी अर्ध्या तिकिटाचा त्यांना मोठा अभिमान.) आणि पालेंके-मेरिदा नवीन रेल्वेने करावं का?

किल्लेदार

सवलत आहे, पण इनापाम नावाच्या सरकारी कार्डावर, आणि पाहुण्याला ते मिळत नाही. त्याऐवजी तिकीट आधी काढा. तेच तिकीट पंधरा दिवस आधी बरंच स्वस्त असतं, आदल्या दिवशी पूर्ण दराने. भारतीय कार्ड ऑनलाइन चाललं नाही तर सरळ स्थानकावर जाऊन रोख द्या.

उनाडवारा

ती नवीन रेल्वे म्हणजे त्रेन माया, डिसेंबर २०२३ पासून चालू आहे. गाडी सुंदर आहे, पण स्थानकं गावाबाहेर. मेरिदाचं तेयाला आहे, तिथून शहरात यायला पुन्हा बस. फेऱ्याही मोजक्या. वेळ जुळली तर जरूर जा, बाबांना आवडेल. नाही जुळली तर बस आठ तासांत गावाच्या मध्यभागी सोडते.

पाणलोट

पुढे कान्कुनकडे जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: किंताना रो राज्याचं घड्याळ एक तास पुढे आहे. २०१५ पासून. वायादोलिदहून तुलुमला जाताना आमची पुढची बस यामुळेच चुकली. फोनवरची वेळ आपोआप बदलते, डोक्यातली बदलत नाही. प्लाया देल कार्मेन-तुलुम मात्र डोळे मिटून कोलेक्तिवो. ३०७ नंबरच्या महामार्गावर पांढऱ्या व्हॅन सारख्या धावत असतात, हात केला की थांबतात.

बंडखोर_बाण

सरळ गाडी भाड्याने घ्या ना. सोळा दिवस पिशव्या आणि रांगा.

अंजनवेल

युकातानमध्ये गाडी ठीक, रस्ते सपाट आणि सरळ. चियापासच्या डोंगरात अनोळखी माणसाने चालवू नये. रंग उडालेला तोपे उन्हात दिसतच नाही. आमच्या गाडीचं खालचं पत्र्याचं झाकण एका तोपेला गेलं, आणि भाड्याने देणाऱ्याने त्याचे पैसे वसूल केले.

रानफूल

मंडळी, परत आलो. आई-बाबा परवा गेले, घर रिकामं वाटतंय, म्हणून आज लिहायला बसले.

प्वेर्तो एस्कोंदिदोला नव्या रस्त्याने व्हॅन. 'पोर ला नुएव्हा?' विचारलं, चालकाने अंगठा दाखवला. आई पुढच्या सीटवर. तीन तासांत लिंबू पिशवीतून बाहेर निघालं नाही. पोचुत्लाहून मासुंतेला पिकअपमध्ये ती बाकड्यावर इतकी खूश होती की उतरायला तयार नव्हती.

सान क्रिस्तोबालला रात्रीच्या बसने. शाल नेली होती, तीन नेल्या होत्या, तिन्ही लागल्या. वारा नव्हता, पण पहाटे चौकीवर थांबवून पासपोर्ट बघितले. मोगराताई, मूळ पासपोर्ट वरच्या खिशात होते, दोन मिनिटांत सुटलो.

पालेंकेचं मी आणि आईने ठरवलं, वळसा घालून बस. बाबांची इच्छा ओकोसिंगोवरून जायची होती. पण सान क्रिस्तोबालला हॉटेलच्या मालकीणबाईंनी सकाळी सांगितलं की रस्ता कालपासून बंद आहे. कासवचाल, तुमचे आभार.

पण खरी गंमत त्याच्या आदल्या दिवशी झाली. सुमिदेरोची घळ बघायला सान क्रिस्तोबालहून खाली गेलो होतो, परत यायला तुक्स्लाहून कोंबी पकडली. बाबा दाराजवळच्या सीटवर. तिकीट नाही, वाहक नाही. गाडी सुटल्यावर मागच्या रांगेतून एका बाईने वीसची नोट आणि काही नाणी पुढे दिली आणि म्हणाली, "मे पासा?" बाबांना शब्द कळला नाही, हात कळला. त्यांनी पैसे चालकाच्या मागच्या माणसाकडे दिले, त्याने चालकाकडे. चालकाने एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने मोड मोजली, नाणी त्याच वाटेने मागे आली. मग दुसऱ्याचे, तिसऱ्याचे. बाबा प्रत्येक वेळी मागे वळून किती माणसांचे ते बोटांनी विचारायचे, नाणी तळहातावर पसरून बघायचे आणि मग पुढे द्यायचे. चढावर आमच्या कानांना दडे बसले, हवा गार झाली, बाबांचं लक्षच नव्हतं.

वाटेत एका फाट्यावर वही घेतलेला एक माणूस उभा होता. चालकाने वेग कमी केला, त्याने वेळ टिपली, किती मिनिटांपूर्वी पुढची गाडी गेली ते ओरडून सांगितलं, चालकाने त्याच्या हातावर नाणं ठेवलं. बाबांनी मला विचारलं, हा कोण? मी म्हटलं, 'चेकादोर', वेळ नोंदवतो, म्हणजे गाड्या एकमेकींच्या अंगावर येत नाहीत. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याकडे स्टँडच्या दारात उभे राहून आमचे प्रवासी पळवायचे. असा वहीवाला असता तर मी कशाला भांडलो असतो?"

खर्चाचं विचाराल तर सगळा रस्त्याचा प्रवास तिघांचा मिळून वाहाका-मेरिदा विमानाच्या दोन तिकिटांएवढा झाला. रेल्वे जुळली नाही, बसनेच मेरिदा.

मोगरा

बाबांना नमस्कार सांग. त्यांनी नाणी मोजून पुढे दिली हे वाचून डोळे भरून आले.

डोंगरवेडा

मतपरिवर्तन झालं म्हणायचं!

रानफूल

डोंगरवेडा, अर्धंच. मेरिदाला बसमध्ये बसल्यावर सामानाची पावती हातात घेऊन म्हणाले, "शेवटी स्टँड तो स्टँड."

नवखा_वाटसरू

सगळा धागा वाचून काढला, फेब्रुवारीत जातोय. सान क्रिस्तोबालहून तुक्स्लाच्या कोंबी नक्की कुठून सुटतात?

रानफूल

मोठ्या बसस्थानकाच्या आसपास, पान-अमेरिकन रस्त्यावरच. पोरं "तुक्स्ला, तुक्स्ला" ओरडत उभी असतात. सकाळी लवकर जा, आणि पुढची सीट हवी असेल तर दुसऱ्या गाडीत नंबर लावा.